दूध संघांना खुले पत्र : जंताचे औषध आधी वासराला द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
महाराष्ट्रातील सहकारी व खासगी दूध संघ

विषय : जंतनिर्मूलनाचा खर्च आणि श्रम दुभत्या जनावरांकडून वासरांकडे वळवण्याबाबत

महोदय, महोदया,

पावसाळा तोंडावर आला की बहुतेक संघांची जंतनाशक शिबिरे लागतात. संस्थेच्या आवारात गोळ्यांचे खोके उघडतात, सचिव यादी घेऊन बसतो आणि सभासदाला त्याच्या दुभत्या जनावरांच्या संख्येइतक्या गोळ्या मिळतात. संध्याकाळपर्यंत वाटप उरकते. अहवालात वाटलेल्या गोळ्यांचा आकडा जातो. त्या आकड्यात वासरू नसते. म्हशीचे रेडकू तर नसतेच. आम्ही संघांच्या कार्यक्षेत्रात काम करणारे पशुवैद्यक आहोत आणि आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की हा पैसा चुकीच्या वयाच्या जनावरावर खर्च होतो आहे. तो वासरावर, ठरावीक दिवशी आणि वजन करून खर्च झाला तर त्याचा परतावा संघाला पुढची सात-आठ वर्षे दुधात मिळेल.

जठर-आतड्यातल्या गोल जंतांशी गाईचे शरीर हळूहळू लढायला शिकते. चरायला लागल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत ही ताकद तयार होते. त्यामुळे तीन वेतांच्या धडधाकट गाईच्या पोटात जंत असले तरी थोडे असतात, खुजे राहतात आणि अंडीही कमी घालतात. अशा गाईला गोळी दिल्याने दूध वाढल्याचे बहुतेक वेळा दिसत नाही, कारण तिथे वाढण्यासारखे काही अडलेलेच नसते. वासराचे तसे नाही. त्याच्याकडे ही ताकद नाही. जे पोटात जाते ते वाढते, रक्त किंवा पोषण घेते आणि शेणातून अंडी बाहेर टाकून तोच गोठा, तेच कुरण पुढच्या वासरासाठी दूषित करते.

आणखी एक बाब व्यवस्थापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दुभत्या जनावराला दिलेल्या औषधाचा अंश दुधात उतरतो. प्रत्येक औषधाच्या लेबलवर दूध किती काळ बाजूला ठेवायचे ते लिहिलेले असते, आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन तर माणसांसाठी दूध देणाऱ्या जनावराला देऊच नये. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संकलन केंद्रावर कोणी दूध परत पाठवल्याचे आम्ही पाहिलेले नाही. शिवाय नुकत्याच भरलेल्या गाई त्या रांगेत असतातच. गर्भाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल गर्भाला घातक ठरू शकते. वासराच्या बाबतीत या दोन्ही चिंता उद्भवत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, आणि याच ठिकाणी सर्वाधिक वासरे हातची जातात.

म्हशीच्या रेडकांत, आणि काही भागांत गाईच्या वासरांतही, आयुष्याच्या पहिल्या महिन्यातच एक लांब गोल जंत होतो. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम हे त्याचे नाव. पूर्ण वाढलेला जंत वीतभर किंवा त्याहूनही लांब असतो. हा जंत वासराला माती चाटून होत नाही, आईच्या दुधातून होतो. म्हशीच्या शरीरात त्याच्या अळ्या मांसात, यकृतात सुप्त पडून असतात. वेत जवळ आले की त्या जाग्या होऊन कासेत येतात आणि चिकातून व पहिल्या दोन-अडीच आठवड्यांच्या दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. म्हशीच्या आतड्यात जंत नसतोच, म्हणून तिचे शेण तपासले तर काही सापडत नाही. तिला गोळी दिल्यानेही मांसातल्या सुप्त अळ्या खात्रीने मरत नाहीत. रेडकाच्या आतड्यात मात्र त्या तीन ते चार आठवड्यांत पूर्ण वाढतात. मग शेण मातकट, तेलकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होते, तोंडाला आंबूस वास येतो, केस उभे राहतात, पोट सुटते आणि पाठीचे मणके दिसू लागतात. जंतांचा गुंता होऊन आतडे बंद पडले तर रेडकू एक-दोन दिवसांत जाते. गावात याला ‘दूध बाधले’ म्हणतात आणि रेडकाचे दूध तोडतात. भुकेले रेडकू मग आणखी लवकर जाते.

म्हणून पहिली मात्रा वयाच्या १० ते १४ व्या दिवशी. एक महिन्याने नाही, ‘जरा मोठे होऊ दे’ म्हणून नाही, तीन महिन्यांनी तर नाहीच. या दिवसांत दुधातून आलेल्या अळ्या आतड्यात असतात, कोवळ्या असतात, अंडी घालायला लागलेल्या नसतात. त्यांना इथेच मारले तर रेडकूही वाचते आणि गोठ्याची जमीनही. एका बाधित रेडकाच्या शेणातून दिवसाला लाखो अंडी पडतात. त्यांचे कवच जाड असते. सावलीतल्या ओल्या मातीत ती महिनोन्महिने जिवंत राहतात. तीच अंडी पुढे रेड्यांच्या आणि म्हशींच्या पोटात जातात, अळ्या मांसात दडतात आणि पुढच्या वेताला पुन्हा दुधात उतरतात. ही साखळी तोडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे दहावा ते चौदावा दिवस. त्यानंतर उशिरा आलेल्या अळ्यांसाठी दुसरी मात्रा पाचव्या आठवड्यात.

या वयात पिपराझिन, पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल वापरता येते. पिपराझिन किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ६ ग्रॅम. फेनबेंडाझोल किलोमागे ७.५ मिलिग्रॅम धरले तर ३० किलोला २२५ मिलिग्रॅम. दीड-दोन महिन्यांचे, पोट फुगलेले, आधी कधीच औषध न मिळालेले रेडकू असेल तर मात्र घरी परस्पर पाजू नये. सगळे जंत एकदम मेले तर त्यांचाच बोळा आतड्यात अडकू शकतो. अशा वेळी पशुवैद्यक जवळ असावा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. जंत दुधातून येतो म्हणून चीक तोडणे हा उपाय नाही. चीक मिळाला नाही तर वासरू जंत वाढण्याच्या आधीच हगवणीने किंवा न्यूमोनियाने जाते. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत दोन ते अडीच लिटर चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे. शेजारी खरवसासाठी चीक द्यायचा तो त्यानंतर.

शिबिरातली दीड ग्रॅमची फेनबेंडाझोलची गोळी ३०० किलोच्या जनावरासाठी असते, पाच मिलिग्रॅम प्रतिकिलो या हिशेबाने. शेतकरी ती मोडून तुकडा वासराला देतो. तुकडा किती मोठा, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे वासरांसाठी पातळ औषध घ्यावे. पण तिथेही एक खड्डा आहे. एकाच औषधाच्या २.५ टक्के आणि १० टक्के अशा दोन तीव्रतेच्या बाटल्या असतात. वर सांगितलेले २२५ मिलिग्रॅम २.५ टक्क्यांच्या बाटलीतून ९ मिलिलिटर होतात आणि १० टक्क्यांच्या बाटलीतून सव्वादोन. गेल्या वर्षी एक बाटली आणि यंदा दुसरी खरेदी झाली, मापन तेच राहिले, तर वासराला चौथाई मात्रा मिळते किंवा चौपट. चौपट फेनबेंडाझोल वासरू बहुधा सहन करते. लेव्हामिसोलच्या बाबतीत मात्र दुप्पट-तिपटीतच लाळ गळू लागते, अंग थरथरते आणि वासरू दगावू शकते. चौथाई मात्रेने दिसायला काही होत नाही, पण थोडे चिवट जंत जगतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. म्हणून निविदेत औषधाच्या नावाबरोबर तीव्रता लिहा, ती दरवर्षी तीच ठेवा, आणि प्रत्येक बाटलीबरोबर एमएलच्या खुणा असलेली सुई नसलेली सिरिंज द्या.

वजन अंदाजाने सांगितले जाते तेव्हा ते बहुतेक वेळा कमीच असते. वासरासाठी काटा शोधायला लांब जायला नको. संस्थेत दूध मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतोच. माणसाने वासरू उचलून उभे राहायचे आणि माणसाचे वजन वजा करायचे. मोठ्या कालवडीसाठी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यायची, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ३४ इंच आणि लांबी ३२ इंच असेल तर ५६ किलो. टेप ओली, सैल किंवा वासरू वाकून उभे असेल तर आकडा चुकतो, म्हणून चारही पायांवर सरळ उभे करून दोनदा मोजावे.

पाजण्याची पद्धतही शिकवावी लागते. वासराचे तोंड आकाशाकडे करून बाटली ओतली की औषध श्वासनळीत जाते आणि चार दिवसांनी वासरू न्यूमोनियाने मरते. दोष मात्र औषधाला लागतो. तोंड पाठीच्या रेषेइतकेच वर, सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर, थोडे थोडे. ठसका लागला की लगेच हात काढून डोके खाली सोडायचे. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नये: दूध चोखताना अन्ननळीची पन्हळ मिटते, औषध पहिल्या पोटात न थांबता पुढे निघून जाते आणि त्याला काम करायला वेळ कमी मिळतो. शिवाय वासराने अर्धे दूध टाकले तर मात्राही अर्धीच.

पहिल्या दोन मात्रांनंतर पुढे काय, यावर मतभेद आहेत आणि ते लपवायचे कारण नाही. सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी औषध द्या, असे अनेक माहितीपत्रकांत छापलेले असते. जिथे शेण तपासण्याची काहीच सोय नाही तिथे ते पाळावे. पण जे वासरू बाहेर चरत नाही, कोरड्या गोठ्यात उंच गव्हाणीतून खाते, त्याला दरमहा औषध देण्याची गरज आम्हाला वाटत नाही. तीन आणि सहा महिन्यांना शेण तपासावे आणि अंडी सापडली तर द्यावे. वासराच्या पोटात एकही जंत नको, हे ध्येयही चुकीचे आहे. थोडा संपर्क आला नाही तर लढण्याची ताकदच तयार होत नाही, आणि दीड वर्षाची कालवड पहिल्यांदा पावसाळी कुरणावर सोडली की एकदम आजारी पडते.

चरणाऱ्या वासरांचे गणित पावसावर चालते. शेणातल्या अंड्यांना ओल आणि २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली की आठवडाभरात त्यातून बाधा करणाऱ्या अळ्या तयार होतात आणि ओल्या गवताच्या बुडाशी चढतात. म्हणून मृग लागण्याच्या सुमारास एक, श्रावणाच्या आसपास एक आणि पाऊस ओसरल्यावर एक, अशी तीन वेळची आखणी महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला बसते. रक्त पिणारा हिमॉंकस जंत याच काळात वाढतो: पापणीच्या आतली त्वचा पांढुरकी पडते, खालच्या जबड्याखाली पाणी उतरते, आणि हगवण मात्र असेलच असे नाही. हगवण नाही म्हणून जंत नाहीत, हा समज फार नुकसान करतो. ताजे शेण नेपियरच्या वाफ्यात टाकून तोच चारा आठ-पंधरा दिवसांत वासरांना घालण्याची पद्धतही थांबवायला हवी. शेण ढिगात नीट कुजले, आतली उष्णता वाढली, की अंडी-अळ्या मरतात. कच्च्या शेणात त्या शेतातून गव्हाणीत परत येतात.

कोकण, कोल्हापूरचा भातपट्टा, भंडारा-गोंदियाचा तलावांचा प्रदेश आणि कालव्याखालची ऊसशेती, इथे गोल जंतांच्या जोडीला चपटे जंत आहेत. यकृतातला फॅसिओला जायगँटिका आणि पोटातले अँफिस्टोम, दोन्ही पाणगोगलगाईंमार्फत पसरतात. पाणी ओसरताना काठच्या गवतावर आणि भाताच्या पेंढ्याच्या बुडख्यावर त्यांच्या गाठी चिकटलेल्या असतात. इथे गोल जंतांवरची नेहमीची गोळी चालत नाही, आणि शेण तपासणीही फसवते. अँफिस्टोमची कोवळी पिलावळ लहान आतड्याच्या सुरुवातीला चिकटून पाण्यासारखी, घाण वासाची हगवण लावते, पण ती अजून अंडीच घालत नाही. शेणात अंडी नाहीत, म्हणून ‘जंत नाहीत’ असा शेरा पडतो आणि कालवड प्रतिजैविकांवर आठवडा काढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल्या जमिनीवर चरलेली कालवड अशी ढाळली तर शेण पाण्यात धुऊन पाहावे. तांदळाच्या दाण्याएवढे गुलाबी जंत कधीकधी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. यावर ऑक्सिक्लोझानाइड तीन दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावे लागते, आणि ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच.

यकृतातल्या जंतासाठी ऑक्सिक्लोझानाइड फक्त वाढलेल्या जंतांवर काम करते. नोव्हेंबरमध्ये एकदा देऊन थांबलात तर यकृतात फिरणारी कोवळी पिलावळ जानेवारीत पित्तनलिकेत पोहोचलेली असते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी मात्रा हवी. ट्रायक्लाबेंडाझोल, किलोमागे १२ मिलिग्रॅम, कोवळ्या अवस्थांवरही चालते आणि दूध न देणाऱ्या कालवडींसाठी ते अधिक उपयोगी आहे. या जंताविरुद्ध जनावराची ताकद फारशी वाढत नाही, त्यामुळे या पट्ट्यांत मोठ्या जनावरांनाही भाकडकाळात औषध द्यावे लागते. वासरांकडे वळा म्हणताना हा अपवाद आम्ही आवर्जून नोंदवतो. यकृतात एकदा पडलेले वण भरून निघत नाहीत. दीड वर्षाच्या कालवडीचे खराब झालेले यकृत तिच्या प्रत्येक वेताला तिच्याबरोबर असते.

तीन आठवडे ते सहा महिने वयाच्या वासराला रक्तमिश्रित हगवण लागली आणि ते शेपूट वर करून कुंथत असेल तर बहुतेक वेळा तो जंत नसतो, कॉक्सिडिया हा आतड्यातला एकपेशी परजीवी असतो. जंतांची कोणतीही गोळी त्यावर चालत नाही. अँप्रोलियम किलोमागे १० मिलिग्रॅम पाच दिवस, किंवा टोल्ट्राझुरिल किलोमागे १५ मिलिग्रॅम एकदाच, हे त्याचे उपचार. पण खरा इलाज कोरडी जागा. याच्या बीजांडांना ओल मिळाली की ती काही दिवसांत बाधा करण्याजोगी होतात. फिनाइलने ती मरत नाहीत, ऊन आणि कोरडेपणा यांनी मरतात. वासरांचा कप्पा मोठ्या जनावरांपासून वेगळा, गव्हाण आणि पाण्याचे भांडे जमिनीपासून फूट-दीड फूट वर, आणि नव्या वासराला आधीच्या वासराच्या ओल्या जागेत न बांधणे, इतके केले तरी पुष्कळ.

गोचिडांवर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच, की संकरित वासरांना थायलेरिया (गोचीडताप) देणारी हायलोमा गोचीड भिंतींच्या भेगांत राहते आणि फक्त जनावराच्या अंगावर फवारून ती संपत नाही. भेगा बुजवणे, भिंतींवर माणसाच्या उंचीपर्यंत फवारणी आणि दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा, हे जमत नसेल तर अंगावरच्या औषधाचा खर्च दर महिन्याला चालूच राहतो. खांद्यापुढची गाठ सुजलेली, १०५-१०६ अंश ताप आणि पांढुरके डोळे असतील तर त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवावा. जंताचे औषध देत बसू नये.

पळसबी, वावडिंग, कडुनिंब यांचा जंतांवरचा वापर आपल्याकडे जुना आहे आणि त्याला आम्ही हसत नाही. पण दहा दिवसांच्या वासराला किती द्यायचे, हे वजनावर ठरलेले नाही. त्या एका आठवड्यात प्रयोग करायला वाव नसतो.

संघ यात काय करू शकतो, हे आता सांगतो. औषध पोहोचवण्यापेक्षा तारीख पोहोचवणे अवघड आहे, आणि ती तारीख संघाकडे आधीच आहे. गावातल्या संस्थेच्या सचिवाला कोणाची म्हैस व्याली हे आठवड्याच्या आत कळते, कारण थांबलेले दूध पुन्हा सुरू होते. कृत्रिम रेतन सेवकाच्या वहीत भरल्याची तारीख असते. गाईला सुमारे २८० आणि म्हशीला ३१० दिवस मिळवले की अंदाजे वेताची तारीख निघते. वासराला १२ अंकी बिल्ला लागतो तेव्हा भारत पशुधन प्रणालीत त्याची नोंद होतेच. दूध पुन्हा सुरू झाले की सचिवाने जन्मतारीख लिहून घ्यावी आणि दहाव्या दिवशी सभासदाला निरोप जावा. पहिली मात्रा संकलन केंद्रावरच, वजन केलेल्या वासराला, सिरिंजने पाजावी. शिबिराचा मंडप लागत नाही.

दुसरे काम शेणाच्या तपासणीचे. प्रत्येक शीतकरण केंद्रावर एक सूक्ष्मदर्शक आणि मॅकमास्टर स्लाइड (अंडी मोजण्यासाठी आखलेल्या दोन कप्प्यांची काच) असावी. तीन ग्रॅम ताजे शेण, ४२ मिलिलिटर मिठाचे संपृक्त पाणी, चहाच्या गाळणीतून गाळून स्लाइडचे दोन्ही कप्पे भरायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि दोन्ही कप्प्यांत दिसलेली अंडी मोजून त्यांना ५० ने गुणायचे. हा झाला एक ग्रॅम शेणातल्या अंड्यांचा आकडा. मीठ पाण्यात विरघळायचे थांबून तळाशी उरेपर्यंत घालावे, नाहीतर अंडी तरंगत नाहीत आणि आकडा खोटा निघतो. नमुना जमिनीवरून उचललेला नसावा, गुदद्वारातून घेतलेला असावा आणि उन्हात राहिलेला नसावा. चपट्या जंतांची अंडी जड असतात, मिठात तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी पाण्यात शेण ढवळून गाळ बसू द्यायचा आणि तो गाळ पाहायचा.

याच सोयीवर वर्षातून एकदा, प्रत्येक तालुक्यात औषध चालते की नाही हे पाहता येते. दहा ते पंधरा वासरांचे शेण मोजायचे, वजन करून मात्रा द्यायची, चौदाव्या दिवशी त्याच वासरांचे पुन्हा मोजायचे. सरासरी ६०० ची २० झाली तर घट ९६ टक्क्यांहून अधिक, औषध ठीक आहे. ६०० ची १२० झाली तर घट ८० टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली गेले की जंत त्या औषधाला दाद देत नसल्याचा संशय धरावा. त्याआधी वजन चुकले का, औषध सांडले का, बाटलीची मुदत संपलेली होती का, हे तपासावे. अशी चाचणी न करता दरवर्षी औषधाचे नाव बदलत राहण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही; कंपनी बदलते, गट तोच राहतो, असे तर फार वेळा होते. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल हे एकाच गटातले आहेत.

आता पैशाचे. संकरित कालवडीला माज वयावर येत नाही, वजनावर येतो. जन्माच्या २८ किलोंपासून रेतनयोग्य २६० किलोंपर्यंत तिला २३२ किलो वाढायचे असते. दिवसाला ५१५ ग्रॅम वाढली तर ते १५ महिन्यांत होते. ३५० ग्रॅम वाढली तर २२ महिने लागतात. हा सात महिन्यांचा फरक पूर्ण जंतांमुळे पडतो असे आम्ही म्हणत नाही; दूध तोडणे, काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) न मिळणे, पाणी न ठेवणे यांचाही त्यात वाटा आहे, आणि उपाशी वासराला जंतनाशकाने वाढवता येत नाही. पण जंत असलेल्या वासराने खाल्लेल्या महागड्या खुराकाचाही मोठा भाग वाया जातो, हेही तितकेच खरे. सात महिने म्हणजे सुमारे २१३ दिवस. दिवसाचा सांभाळ १०० रुपये धरला तरी एका कालवडीमागे २१ हजारांवर खर्च, दूध एक थेंबही न मिळता. पहिल्या वर्षाची सगळी जंतनाशके, वजनाप्रमाणे, काही शे रुपयांत बसतात.

दुधावरचा परिणाम त्याहून लांब जातो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या होल्स्टीन कळपाच्या नोंदींवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दूध पिण्याच्या वयात दररोजची वाढ एक किलोने जास्त असलेल्या कालवडींनी पहिल्या वेतात ८५० किलो जास्त दूध दिल्याचे आढळले; त्याच हिशेबाने १०० ग्रॅमच्या फरकाला ८५ किलो. तो अभ्यास आहारावर होता, जंतांवर नव्हता, आणि तिथल्या गाई आपल्या नाहीत. पण पहिल्या दोन महिन्यांत जे वाढायचे राहते त्याची भरपाई नंतर पूर्ण होत नाही, हे त्यातून समजते. नेमके त्याच दोन महिन्यांत रेडकाच्या आतड्यात टॉक्सोकारा असतो आणि आपल्या शिबिराच्या यादीत रेडकू नसते.

पुढच्या वर्षाच्या औषधांची निविदा काढण्यापूर्वी आमच्या तीन विनंत्या आहेत. मोठ्या गोळ्यांची संख्या निम्म्यावर आणून त्या रकमेतून वासरांसाठी एकाच तीव्रतेचे पातळ औषध आणि सिरिंज घ्याव्यात. एका तालुक्यात, कमीत कमी दोनशे वासरांवर, दहाव्या दिवसाची मात्रा आणि तीन, सहा, बारा महिन्यांची टेपची वजने नोंदवावीत, आणि तितक्याच वासरांची वजने शेजारच्या तालुक्यात फक्त मोजून ठेवावीत, म्हणजे तुलना करता येईल. वार्षिक अहवालात वाटलेल्या गोळ्यांऐवजी बारा महिन्यांच्या कालवडींचे सरासरी वजन छापावे.

मॅकमास्टर स्लाइड वापरण्याचे आणि वासराला औषध पाजण्याचे प्रशिक्षण आम्ही संघाच्या कर्मचाऱ्यांना विनाशुल्क देऊ. संघाने सूक्ष्मदर्शक, वीज असलेली खोली, मीठ, गाळण्या आणि प्रत्येक केंद्राचा एक माणूस द्यावा. दोन दिवस पुरतात. पावसाळ्याआधी, मे महिन्यात झाले तर यंदाच्या वासरांना त्याचा उपयोग होईल.

आपले,
दूध संघांच्या कार्यक्षेत्रात काम करणारे पशुवैद्यक